दोन बोटं सैल

घराण्याचा मान कशात असतो, हे ज्या त्या घराण्यालाच ठाऊक. कोणाचा जमिनीत, कोणाचा शब्दात, कोणाचा नुसताच मिशीत. मास्तरांच्या घराण्याचा मान एका गोष्टीत होता: दुकानाचा मालक दुकानात पायी येत नाही. तात्यांनी, म्हणजे मास्तरांच्या वडिलांनी, पहिलं शिलाई मशीन घेण्याआधी सायकल घेतली होती. मास्तरांनी स्कूटर घेतली, मग निळी गाडी. पुढे मास्तर आणि काका या दोघा भावांत वाटणी झाली तेव्हा मशिनं अर्धी अर्धी झाली, कात्र्या अर्ध्या अर्ध्या झाल्या, लोखंडी इस्त्रीवरून काका आठ वर्षं बोलले नाहीत. पण जो मालक होता तो त्या आठही वर्षांत रोज वाहनातून उतरूनच दुकानाची पायरी चढला.

दुकान घराच्या मागच्याच गल्लीत होतं. घरात कोणी शिंकलं तर दुकानातल्या कारागिराला कळायचं, कोण शिंकलं ते. गाडीने जायचं तर एकेरी रस्त्यांमुळे मोठा वळसा पडे, त्यामुळे पायी जाण्यापेक्षा गाडीला वेळ जास्त लागे. पण मानाच्या गोष्टीत घड्याळ कोण बघतं.

तर गेला हिवाळाभर मास्तर दुकानात गेले नव्हते. घरात सांगितलेलं कारण असं, की सुईचं नेढं दिसत नाही. सगळ्यांनी ते मान्य केलं. धाकटा मुलगा रक्ताच्या लॅबमध्ये कामाला. त्याने लगेच तपासण्या करून आणल्या, सगळं रेंजमध्ये निघालं. तरी नवा चष्मा केला. मास्तरांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि चष्म्याशिवायच बटणांचे डबे घेऊन बसले: दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. एकही बटण चुकीच्या डब्यात पडत नव्हतं. आंधळ्याला एवढं साधतं कसं, असा प्रश्न घरात कोणालाच पडला नाही.

थोरल्या सुनेला पडला नाही, कारण तिला उत्तर माहीत होतं. ती दुकानाचे हिशेब बघायची आणि सकाळी मास्तरांना निळ्या गाडीतून तीच न्यायची. निळी गाडी बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे आडात उतरण्यासारखं. एके सकाळी दुकानासमोर मास्तर गाडीतून उठायला गेले आणि उठलेच नाहीत. गुडघ्यांनी ऐनवेळी साथ सोडली. शेवटी एक हात समोरच्या न्हाव्याने धरला, दुसरा कोटाच्या ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाने, आणि दोघांनी मिळून मास्तरांना उपसून काढलं. न्हाव्याच्या खुर्चीतला माणूसही अर्ध्या दाढीनिशी बघायला बाहेर आला होता. मास्तरांनी त्या दिवशी ट्रायल घेतली, कॉलरची दुरुस्ती सांगितली आणि संध्याकाळी घराच्या अंगणात तिच्या खांद्याला धरून उठताना एवढंच म्हणाले, "घरात बोलू नकोस."

"नाही बोलणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डोळे गेले.

तेव्हापासून दुकानात कोट बाह्यांशिवाय लटकत होते. तिचा नवरा, थोरला, शाळेच्या गणवेशांत हुशार. शंभर चड्ड्या एका मापात काढील, पण कोटाची कॉलर कापायची म्हटली की त्याचा हात कापायचा. गिऱ्हाइकं आधी विचारपूस करायची, मग कापड परत मागायची. एकदा तिने मास्तरांना भीत भीत सुचवलंही, "बाबा, अंगणात येरझाऱ्या घालता तेवढंच अंतर आहे. सावकाश चालत गेलो तर?" मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने दुकानात रेडिमेड कोट ठेवायला सांगितलं होतं.

चालताना त्यांना काही होत नव्हतं. खोल बसलं की उठता येत नव्हतं, एवढंच. पण शब्द दिलेला. मग तिने घरात जाहीर केलं, की निळ्या गाडीचं पोट रस्त्याला घासतंय, आता उंच गाडी घ्यायला हवी, छोटी एसयूव्ही, आपल्या बेताची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. फक्त हे भांडं बरंच मोठं होतं आणि त्याला चार चाकं होती.

या घरात महागाची वस्तू ट्रायलशिवाय येत नसे. कपाट आणायच्या आधी पुठ्ठ्याचं कपाट पंधरवडाभर भिंतीला उभं होतं. धाकट्याचं लग्न तेवढं ट्रायलशिवाय ठरलं, आणि ते कसं मोडलं हे सर्वांना ठाऊकच आहे. त्यामुळे शनिवारी दुपारी बैठकीच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं गेलं आणि मास्तरांनी काठीला मापाचा खडू बांधून, न वाकता, फरशीवर गाडी आखली. आत पाच खुर्च्या मांडल्या: दोन पुढे, तीन मागे. मास्तर स्वतः आत बसले नाहीत. ट्रायल घेणारा कोट घालत नाही, म्हणाले.

आत्या खडूची रेघ ओलांडून पुढच्या डाव्या खुर्चीत बसल्या. त्या मास्तरांच्या धाकट्या बहीण, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि गाडीच्या किमतीतला काही भाग त्या घालणार होत्या.

"ही जागा माझी," त्या म्हणाल्या. "तेवढी एकच अट. बाकी मी कशात बोलणार नाही."

"वन्सं, मला मागे मळमळतं," आई म्हणाली. आई म्हणजे मास्तरांची बायको, थोरलीची सासू.

"वहिनी, गाडी अजून सुरू झालेली नाही."

"मला आत्ताच मळमळतंय."

"खुर्चीवर?"

"खडूच्या आत आल्यापासून."

धाकट्याने फोन वर धरला. त्याने महिनाभर गाड्यांची परीक्षणं पाहिली होती आणि आता तो गाड्यांबद्दल रुग्णांबद्दल बोलावं तसा बोलायचा. "तीन गाड्या रेंजमध्ये आहेत. पहिली सगळ्यात चांगली. सनरूफ आहे. बटण दाबलं की छप्पर उघडतं."

"आपल्या स्वयंपाकघराचं छप्पर बटण न दाबता उघडलं होतं," आई म्हणाली. "तेव्हा बंद करायला पैसे दिले. आता उघडायला द्यायचे?"

"आई, आकाश दिसतं."

"अंगणात जा. फुकट दिसतं."

"मला चालेल हो सनरूफ," आत्या म्हणाल्या. कशात बोलणार नव्हत्या. "हवा खेळती राहते. वर्गातसुद्धा मी वरची झडप उघडी ठेवायची."

"दुसरीची डिकी मोठी आहे," थोरला चालकाच्या खुर्चीतून म्हणाला. तो मघापासून हातात नसलेलं स्टिअरिंग धरून बसला होता. "गणवेशाचे गठ्ठे आडवे मावतात. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत मी काय गठ्ठे सनरूफमधून टाकू?"

"म्हणजे मी गठ्ठ्यांबरोबर जायचं?" आत्यांनी विचारलं.

"तुम्ही पुढे, गठ्ठे मागे."

"मग मी कुठे?" आई म्हणाली.

थोरल्याने आरशात बघितल्यासारखं केलं.

"आणि तिसरी?" थोरलीने जमेल तेवढ्या बेफिकिरीने विचारलं.

"ती सोड, वहिनी. साधी आहे. मागच्या काचा हाताने फिरवायच्या. रस्त्यावर तिच्याकडे कोणी वळून बघत नाही."

"अपघात कमी होतील."

"पण त्यात आहे काय?"

सीट कमरेच्या उंचीला आहे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. मास्तर काठीने खडूची रेघ पुन्हा पुन्हा गिरवत होते. "स्टेपनी पूर्ण मापाची आहे," ती म्हणाली.

स्टेपनीच्या विरोधात बोलावं असं कोणाला काही सुचलं नाही. पण बाजूनेही कोणी बोललं नाही. मतं मोजली: सनरूफ दोन, डिकी एक, स्टेपनी एक, मळमळ एक.

"बाबा, तुम्ही सांगा," धाकटा म्हणाला.

"मी कशाला सांगू? मी बसणार आहे थोडाच. मला दिसत नाही." मास्तर काठी कोपऱ्यात ठेवायला गेले आणि जाता जाता वाटेत पडलेलं काळ्या शर्टाचं काळं बटण काठीच्या टोकाने अचूक बाजूला सारून गेले.

चहाच्या निमित्ताने ट्रायल थांबली. सगळे खुर्च्यांवरून उठले आणि ज्याला जिथून सोयीचं तिथून रेघ ओलांडून बाहेर पडले. मास्तर हे बघत होते. त्यांना त्यात काही खटकलं नाही, थोरलीलाही नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच होतं.

स्वयंपाकघरात तिने सासूला गाठलं. "आई, त्या साध्या गाडीत मागे बसलं तरी पुढचा रस्ता सरळ दिसतो, एवढी उंच आहे. रस्ता दिसला की मळमळत नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

"डॉक्टर."

"डॉक्टर काय, यांना चालायलाही सांगतात." पण आईने कप विसळताना थोडा वेळ घेतला. "मला पुढेच बसायचंय. मळमळ ही तिला सांगायला आहे. चाळीस वर्षं ती या घरात येते आणि चांगली खुर्ची बघून बसते." मग म्हणाली, "पण छपराला भोक नको. मी तुझ्याकडून."

आत्यांकडे चहा नेताना तिने सहज म्हटलं, "उंच गाडीत पुढे कोण बसलंय ते रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसतं. शाळेवरून गेलो तर शिपाई ओळखेल तुम्हाला."

"सनरूफमधूनही दिसेल की."

"तिथून फक्त पक्ष्यांना."

आत्यांनी चहाचा घोट घेतला. नवऱ्याला तिने दुसऱ्या दिवशी शोरूमला निघताना बुटांची नाडी बांधता बांधता गाठलं: साधी गाडी स्वस्त, उरलेल्या पैशांत टपावर कॅरिअर, गठ्ठे टपावर. "तुला त्या गाडीचं एवढं काय गं?" तो म्हणाला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. एवढा नेमका प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता.

"रंग आवडला," ती म्हणाली.

"राखाडी?"

"मळ दिसत नाही."

धाकटा एकटा पडला. राजकारणात होतं तसं त्याला ते सगळ्यात शेवटी कळलं. पण घरचं काही खरं नसतं; शोरूमच्या काचा दिसल्या की लोक बदलतात, आणि मुख्य म्हणजे मास्तर त्या गाडीत बसणार का, यावर तिचा सगळा डाव होता. ते बसले नाहीत तर घरात एक गाडी येणार होती आणि कोट लटकलेलेच राहणार होते. रविवारी सकाळी ते न बोलावता बूट घालून उभे राहिले.

"सीटची शिलाई बघितल्याशिवाय वस्तू घरात येऊ नये," म्हणाले. "दिसली नाही तर हाताने कळते."

शोरूममध्ये कोट-टाय घातलेला विक्रेता पुढे आला. "या सर. आधी फील घ्या."

मास्तरांनी त्याच्या खांद्याकडे बघितलं. "उजवा खांदा उतरलाय. कोणी शिवला?"

"कंपनीकडून मिळतो, सर."

"तरीच."

पुढचा अर्धा तास थोरलीच्या मनासारखा झाला, कारण कोणीच तिच्या मनासारखं वागलं नाही. आत्या आदल्या दिवशीचं सगळं विसरून सनरूफच्या गाडीत पुढे बसल्या आणि छप्पर उघडायला, मिटायला आणि परत उघडायला लावू लागल्या. धाकटा बटण दाबत होता. आई शेजारी उभी राहून, पाऊस आत आला तर गाडी ओली होते का सीट ओली होते, हे विचारत होती. थोरला दुसऱ्या गाडीच्या डिकीत आडवा झाला होता. त्याचे पाय बाहेर दिसत होते. सगळे विक्रेते तिकडे धावले.

राखाडी गाडीजवळ कोणी नव्हतं. मास्तरांनी दार उघडलं. थोरली चार पावलांवर माहितीपत्रक वाचत उभी राहिली.

ते गाडीकडे पाठ करून उभे राहिले, मागे हात लावला, आणि बसले. खाली गेलेच नाहीत. सीट जिथे होती तिथेच ते होते. त्यांनी अंगठा शिवणीवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. पाहायचं होतं ते पाहून झालं होतं, तरी ते बसून राहिले. तिला त्यांचे हात दिसत होते. डाव्या हाताने दाराची चौकट धरली. एक पाऊल खाली. दुसरं खाली. आणि उभे राहिले, जसे मशीनवरून कात्री आणायला उठत तसे.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तिने माहितीपत्रक डोळ्यांजवळ नेलं. ते उलटं होतं.

ते पुन्हा बसले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा टायवाला लगबगीने आला. "सर, काही अडचण?"

"ट्रायल चाललीय," मास्तर म्हणाले.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "शिलाई बरी आहे. टाका जरा लांब आहे, पण सरळ."

धाकट्याच्या हाताखालचं छप्पर अर्ध्यावर थांबलं. मास्तरांनी दोन्ही मुलांच्या जन्मावेळीही एवढं कौतुक केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आईने आत्यांकडे बघितलं. आत्यांनी सनरूफमधून एकदा आकाशाकडे, म्हणजे शोरूमच्या ट्यूबलाइटकडे बघितलं आणि खाली उतरल्या. राखाडी ठरली.

"एक राहिलं," मास्तर म्हणाले आणि खिशातून टेप काढला. घरच्या अंगणातली जागा, म्हणजे कंपाऊंडची भिंत आणि जिन्याचा कठडा यांच्यामधलं अंतर, ते सकाळीच मापून आले होते. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा टेप कोणी खिशाबाहेर पाहिला नव्हता.

"सर, रुंदी माहितीपत्रकात दिलीय," टायवाला म्हणाला.

"गिऱ्हाईकही आपलं माप सांगतंच. तरी आपण घ्यायचं असतं." त्यांनी थोरलीला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं आणि गाडीची छाती मापली.

"आणि हे आरसे?" तिने विचारलं.

"त्या बाह्या. बाह्या वेगळ्या धरायच्या. दुमडतात त्या." ओठांत आकडा पुटपुटले. "दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं सैल राहतील. नेमकं."

निळी गाडी बदल्यात गेली आणि राखाडी घरी आली. चालवायला थोरला, शेजारी आत्या, मागे धाकटा. आई फाटकापाशी उभी होती. ज्या गाडीत पुढे आत्या आहेत तिच्यात आपण पाय ठेवणार नाही, असं तिने सांगितलं होतं, मळमळ म्हणून. मास्तर जिन्यावर उभे राहून हाताने खुणा करत होते. आरसे दुमडले. गाडी भिंत आणि कठड्यामधून इंचाइंचाने आत गेली आणि कुठेही न घासता बसली. इतकी मापात बसलेली वस्तू त्या गल्लीने पाहिली नव्हती.

"उतरा," आई म्हणाली.

चालकाचं दार उघडलं. दोन बोटं उघडलं. पलीकडचं दार उघडलं. तेही दोन बोटं. माप अगदी बरोबर होतं.

मग थोरल्याच्या बाजूच्या फटीतून गाडीची कागदपत्रं बाहेर आली, आणि थोरलीने ती घेतली.

"मी आता इथेच का?" आत्यांनी विचारलं.

"पुढची जागा आहे ना," आई म्हणाली. "बसा."

मागच्या काचेमागे धाकट्याचा चेहरा होता. ती काच हाताने फिरवायची होती. त्याने ती सावकाश खाली केली. "सनरूफ असतं तर," म्हणाला.

मास्तर कठड्याला धरून उभे होते. ते थोरलीला म्हणाले, "कोट हात खाली ठेवून मापला. हात वर करायला सांगायचं राहिलं."

"होतं असं, बाबा."

"मला नाही होत."

थोरल्याने गाडी उलटी बाहेर काढली. गल्लीत ठेवली तर समोरच्यांचं दार उघडेना, कोपऱ्यावर ठेवली तर पाण्याचा टँकर वळेना. एकच रुंद जागा उरली. वळसा घालून गाडी दुकानासमोर नेऊन उभी केली, आणि तिघे घरी पायी आले. तिघांपैकी मालक कोणी नव्हता, त्यामुळे हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बूट घालून उभे होते. टेप गळ्यात होता.

"कुठे?" आईने विचारलं.

"गाडी रात्रभर उघड्यावर होती. बघून येतो."

"कसे जाणार?"

"गाडी तिकडे आहे," मास्तर म्हणाले, "मग कसा जाणार?" आणि थोरलीला, "किल्ली घे."

ते मागच्या गल्लीने चालत गेले. सावकाश, पण न थांबता. न्हावी दुकान उघडत होता, त्याने नमस्कार केला. मास्तरांनी गाडीभोवती एक फेरी मारली, काचेवरची धूळ रुमालाने पुसली आणि दार उघडून आत बसले. क्षणभर समोर बघत बसले, इंजिन चालू असावं तसे. मग चौकट धरून, एक पाऊल, दुसरं पाऊल, उतरले. न्हाव्याकडे पाहिलं. न्हाव्यानेही पाहिलं होतं. आणि वाहनातून उतरून मालक दुकानाची पायरी चढला.

आत जाऊन त्यांनी बाह्यांशिवाय लटकलेला पहिला कोट खाली घेतला. सुईत दोरा पहिल्या खेपेला गेला. चष्म्याबद्दल कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी हेच. संध्याकाळी परत येताना गाडीची गरज पडत नाही. मालकाने दुकानातून घरी कसं जावं, याबद्दल तात्यांनी काही सांगून ठेवलेलं नाही. घरच्यांनी सगळ्यांनी मिळून एकदा लांब फिरायला जायचं ठरवलंय, पण पुढच्या जागेचा निकाल अजून लागायचा आहे.

पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख आली, तेव्हा गाडी शोरूमपासून घरापर्यंत आणि घरापासून दुकानापर्यंत एवढीच चाललेली होती.